झुंबरबाईचं निकल

जुन्या जालन्यात भुसार दुकानांच्या मागच्या अंगाला एक बोळ जातो. शिरताना मिरचीचा ठसका, मधात गोणपाटाचा वास आन् टोकाला तेजाबाचा. तेजाब नाकाला झोंबलं की समजायचं, झुंबरबाई हिवाळेचं पत्र्याचं शेड आलं. पाटी न्हाई. वीसेक वर्षांमागं एक लावली होती, ती तेजाबाच्या वाफेनं खाल्ली. दुसरी लावायच्या भानगडीत कुणी पडलं न्हाई.

शेडात तीन हौद. पहिल्यात सामान धुवायचं, दुसऱ्यात त्याला तांब्याचा हात द्यायचा, तिसऱ्यात निकलचा मुलामा चढवायचा. हौद मच्छिंद्र सांभाळतो. तो झुंबरबाईचा नवरा. बोलायला कमी, चहाला हजर. बफाचं चाक मात्र बाईच्या हातात. कापडाचं ते चाक गरगर फिरतं, त्याला ती पॉलिशच्या मसाल्याची कांडी टेकवती, आन् मंग पितळ असो की लोखंड, हातातला तुकडा असा गुळगुळीत करती की माशी बसली तर घसरून पडावी. वय छप्पन्न. डोक्याला फडकं, पदर खोचलेला, मनगटं गड्यासारखी. लग्न होऊन आली तवा नुस्तं सामान धुवायला बसायची. एक दिवस नवऱ्याला म्हणाली, "तुमी लोखंडाला गोंजारता. त्याला घासावं लागतंय. सरका." मच्छिंद्र सरकला तो सरकलाच.

जिल्ह्यातले निम्मे बँडवाले तिचे गिऱ्हाईक. लग्नसराईच्या आधी शेडाच्या आढ्याला कर्णे आन् भोंगे दुधीभोपळ्यासारखे लटकलेले असतात. ते गेले की न्हाव्याच्या खुर्चीचे हात, रसवंतीच्या चरकाची झाकणं, लोखंडी पलंगाचे गोळे. काम बारकं, पण नजर अशी की दुसऱ्याच्या हौदातून निघालेला माल उन्हात धरून सांगती, "ह्यानं तांब्याचा हात चोरलाय. दोन पावसाळ्यात फोड येतील." आन् फोड येतात.

एकच गोष्ट ती करीत न्हाई. क्रोम. आधी करायची, शेडात चौथा हौद होता. क्रोमच्या हौदावर पिवळी वाफ उठती. त्या वाफेनं मच्छिंद्राच्या नाकातला पडदा खाल्ला. रोज सकाळी तोंड धुताना रक्त. डॉक्टरनं नाकात बॅटरी मारून पाह्यलं आन् म्हणाला, इकडून बघतो तर तिकडचं दिसून राह्यलंय. तिसऱ्या दिवशी झुंबरबाईनं चौथा हौद शेडाबाहेर काढला. कुणी विचारलं की सांगायची, "दोन्हीतलं एकच राहणार व्हतं. नवरा ठिवला."

"पण लय इचार केला तिनं," मच्छिंद्र म्हणायचा. "दोन दिवस."

ह्या गोष्टीला बारा वर्षं झाली. दुनिया मात्र क्रोमच्याच मागं. बुलेटचं नळकांडं असो की ट्रॅक्टरचा बंपर, सगळ्यांना डोळे दिपवणारं पाहिजे. बाजारात बोललं जातं, हिवाळेबाईला क्रोम येत न्हाई. ती ऐकती आन् पलंगाचे गोळे घासती. पण हाताला एक भूक असती. गाणाऱ्याला गळ्याची असती तशी, मुलामेवाल्याला हाताची. एकदा तरी असं काही यावं की त्यात सगळं शिकलेलं वतता येईल, एवढंच तिला वाटायचं. न्हाव्याच्या खुर्चीत ते मावत नव्हतं.

पितरपाटाच्या दिवसांत एका सकाळी बोळीच्या तोंडाशी छोटा हत्ती टेम्पो उभा राह्यला. त्यातून आष्टीचे रामप्रसाद गुरुजी उतरले. रिटायर मास्तर, सत्तरीचे, टोपी पांढरी, बूट मात्र धुळीचे. संगं पुतण्या सुमित. तो पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत. दोन महिन्यांपासून गावाकडूनच काम करून राह्यलेला आन् उरलेल्या वेळात एका मोटारीच्या मागं लागलेला. दोघांनी गोधड्यांत गुंडाळलेलं सामान आणून झुंबरबाईपुढं ठिवलं.

"रामराम. मोटारीचं सामान हाय," गुरुजी म्हणाले.

"जय भीम, गुरुजी. कंच्या मोटारीचं?"

"आमच्या आज्यानं घेतल्ती. मॉरिस कंपनीची. सत्तावीस साल."

सामान उलगडलं तसं झुंबरबाईनं बफाचं चाक बंद केलं. दिवसाउजेडी ते चाक बंद झालेलं मच्छिंद्रानं लय दिवसांनी ऐकलं, म्हणून तोबी हौदावरून उठून आला. मोटारीच्या तोंडाची उभी चौकट होती, एवढी मोठी की लेकरू मधून पलीकडं जाईल. दोन बत्त्यांची कडी होती. पुढचे-मागचे आडवे दांडे, दाराच्या बाहेरच्या मुठी, टाकीचं टोपण. जागोजागी काळं, जागोजागी करडं, आन् कडांवर पिवळंधमक पितळ उघडं पडलेलं.

तिनं चौकटीवरून तळहात फिरवला. "हे कुणी घासलंय एवढं?"

गुरुजी हसले. "आमच्याकडं घट बसायच्या आदी घरातलं झाडून सगळं भांडं निघतं. त्यात मोटारबी निघती. आज्याच्या काळापासून. मोटार सिकंदराबादहून रेल्वेच्या वाघिणीत घालून परतूर ठेसनाला उतरवली, तवाच आजीनं इचारलं, हे भांडं कशानं घासायचं. तवापासून चिंच आन् राख. मोटारीला हालून साठ साल झाले, पण घासणं एका सालाला चुकलं न्हाई."

"मंग मुलामा धुळीनं न्हाई खाल्ला," झुंबरबाई म्हणाली. "तुमच्या बायांनी संपिवला."

"मी तर ल्हानपणापासून पिवळीच पाह्यली. मला वाटायचं पितळंचीच हाय."

तिनं चौकटीवरची कंपनीची पट्टी नखानं उचलली. पट्टीखाली अंगठ्याएवढी जागा कधी कुणाच्या हाताला लागली नव्हती. तिथं मंद करडा रंग होता. तिनं फडक्यानं पुसलं, उजेडात तिरपं धरलं. मंग म्हणाली, "निकल. तांब्याचा हात न देता सरळ पितळंवर. जुनं काम हाय."

सुमितनं वाकून पाह्यलं. "मला तर शिसं दिसून राह्यलंय, मावशी. अन् आमाला क्रोम पाहिजे. डिसेंबरात संभाजीनगरला जुन्या गाड्यांचा मेळा हाय. मोबाईलवर अशाच मोटारीचे पन्नास फोटो पाह्यले मी. समद्या आरशासारख्या."

"त्या पन्नास जणांनी मागून क्रोम केलं आसंन. हिला क्रोम कदी लागलंच न्हाई, बाळा. क्रोमचा उजेड निळा असतो, आभाळासारखा. निकलचा उजेड उबदार. चांदीच्या वाटीत तूप घेतल्यावानी. क्रोमच्या खालीबी निकलच असतंय. वरून एक पातळ ओढणी, बस."

सुमित शिकलेला होता, उद्धट नव्हता. पण मनातलं बोलून टाकायची सवय होती. "मावशी, राग नका धरू. तुमच्याकडं क्रोमचा हौदच न्हाई म्हणून तर तुमी असं म्हणत नसान?"

मच्छिंद्राची बशी ओठाशी थांबली. गुरुजींनी पुतण्याकडं असं पाह्यलं की वर्गात पोरगं खाली बसलं असतं. पण झुंबरबाईला राग आला न्हाई, म्हंजी आला तरी तिनं तो फडक्यात पुसला. ती म्हणाली, "बराबर हाय तुझं. ज्याच्या दुकानात हुलगेच हायेत तो हुलग्याचंच गुण गाणार. माझ्या बोलण्यावर जाऊ नको."

तिनं बत्तीचं डावं कडं उचललं आन् उजवं त्याच्या हातात दिलं. "हे मी करते. ते तू क्रोमवाल्याकडून करून घे. घट बसायच्या आदल्या दिवशी दोन्ही मोटारीला लावू. बघणारे बघतील. क्रोम बरं म्हणले तर समदं सामान तिकडं ने. मी एक शब्द बोलणार न्हाई."

"आन् जशी होती तशी पाहिजे, त्याचं काय?" गुरुजी म्हणाले. "माझी तेवढीच इच्छा हाय. पण कशी होती ते आमच्यातल्या कुणी पाह्यलंच न्हाई, इथं घोडं आडलंय."

टेम्पो गेला. मच्छिंद्र म्हणाला, "पैज कशाला लावली? गाव क्रोमलाच झक्क म्हणणार. तुला म्हाईत हाय."

"म्हाईत हाय."

"मंग?"

"मंग काय. हातात तर आलं."

पुढचे आठ दिवस शेडात एकाच कड्याचं राज्य. एका बँडवाल्याचा कर्णा तसाच लटकत राह्यला. झुंबरबाईनं कड्यावरचे खड्डे चांदीचा डाक वितळवून भरले, कडा सरळ केल्या, तीन चाकं बदलून घासलं. मच्छिंद्रानं हौदातलं पाणी गाळलं, करंट कमी ठिवला, म्हंजी थर सावकाश बसावा. कडं बाहेर निघालं तवा तिनं ते चाकाला लावलं न्हाई. मऊ फडक्यानं हातानंच पुसलं, जसं न्हाणीतून काढलेल्या लेकराला पुसतेत. मच्छिंद्र बाजूला उभा राहून म्हणाला, "माझ्याकडं बघून एवढं कदी हसली न्हाईस."

"तुमाला पॉलिश कुठं हाय," ती म्हणाली.

ठरल्या दिवशी दोघं यष्टीनं परतूरला आन् तिथून रिक्षानं आष्टीला गेले. कडं झुंबरबाईच्या मांडीवर, धुतलेल्या लुगड्याच्या फडक्यात.

गुरुजींच्या वाड्यात... वाडा कसला, सिमेंटचं घर आन् पुढं पत्र्याचा गोठा. पण अंगण मोठं. अंगणात भांड्यांचा बाजार मांडलेला. हंडे, घागरी, परात, समया. चार बाया घासून राह्यल्या होत्या आन् मधात गुरुजींची बायको नंदाबाई घंगाळात राख कालवत बसलेली. गोठ्याच्या तोंडाशी मोटार. हिरवा रंग नवाकोरा, पण तोंडाची चौकट न्हाई, बत्त्यांना कडी न्हाई, म्हणून दात काढलेल्या म्हातारीवानी दिसत होती.

सुमितनं दोन्ही कडी लावली. उजवीकडं क्रोम, डावीकडं निकल. तोवर गल्ली जमा झालती. बाजारचा दिवस नव्हता तरी बाजाराएवढी माणसं. सगळ्यात पुढं सर्जेराव. त्यांची जमीन गुरुजींच्या बांधाला लागून आन् तोंड कुठल्याच बांधाला न जुमानणारं. ते उजव्या बत्तीपुढं वाकले, मिशीला पीळ दिला.

"हिच्यात माझी मिशी दिसून राह्यली. केस न् केस मोजून घ्या." मंग डावीपुढं वाकले. "अन् हिच्यात मी हाय का न्हाई, येवढंच समजून राह्यलं."

अंगण हसलं. मच्छिंद्रबी हसला, त्याला इलाज न्हाई, विनोद चांगला होता. एकामागून एक माणूस वाकून पाहू लागला. उजवीपुढं टोपी नीट कर, डावीपुढून नुस्ता जा. "क्रोमच," "उजवंच," "उजव्याला तोड न्हाई." झुंबरबाई जोत्यावर बसून ऐकत होती. गिऱ्हाईक गेल्याचं तिला नवं नव्हतं. पण ती चौकट शेडातून परत जाणार, कुणीतरी तिला निळी ओढणी घालणार आन् ती पुन्हा आपल्या हाताखाली येणार न्हाई, ह्या इचारात तिनं मांडीवरच्या रिकाम्या फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

गुरुजी तिच्याजवळ आले. "बाई, एक इचारतो. तुमचं हे निकल पुढं काळं पडतं का?"

मच्छिंद्रानं बायकोकडं पाह्यलं. इथं 'न्हाई' म्हणायला काही लागत नव्हतं.

"काळं न्हाई, पिवळसर पडतं," झुंबरबाई म्हणाली. "पावसाळ्यात ढगाळ होतं. महिन्या-पंधरा दिवसाला हात फिरवावा लागतो. क्रोमला लागत न्हाई. ते पुसलं की झालं."

सुमितची बायको साक्षी समया घासून कंटाळलेली. ती लगेच म्हणाली, "मंग क्रोमच बरं की. इथं भांडी कमी हायेत व्हय, अजून मोटार घासायला?"

बायाबी हसल्या. सुमितनं हात झटकले. "मंग ठरलं, काका."

गुरुजींनी मान डोलावली, पण ती डोलावणी वर्गात उत्तर चुकलेल्या पोराला 'बस खाली' म्हणताना असती तसली. झुंबरबाई उठली. "पाना द्या. माझं कडं मी घेऊन जाते," ती म्हणाली. सुमित पाना शोधायला घरात गेला.

तेवढ्यात नंदाबाई घंगाळ घेऊन मोटारीशी आली. तिला ह्या पैजेचं काही सोयरसुतक नव्हतं. उद्या घट बसणार, भांडी झाली, आता मोटार. तिचा चाळीस वर्षांचा रिवाज. तिनं चिंचेचा कोळ घेतला, नारळाची शेंडी राखेत बुडवली आन् डाव्या बत्तीच्या नव्याकोऱ्या कड्याला भिडली.

सुमित पाना घेऊन दारात आला आन् तिथंच थबकला. "काकू, काय करून राह्यल्या? नवं हाय ते."

"नवं हाय म्हणून घासायचं न्हाई? सुनाबी नव्याच असतेत, त्या घासत न्हाईत व्हय?"

झुंबरबाई दोन पावलं धावली आन् थांबली. आठ दिवसांचं काम, त्याच्यावर चुलीची राख. तिच्याच कातडीवर कुणी घासतंय असं तिला झालं. पण नंदाबाईचा हात थांबायच्या जातीचा नव्हता. डावं झालं, उजवं झालं. तांब्याभर पाणी वतून तिनं दोन्ही पदरानं पुसली आन् मागं सरून, हंडा बघतेत तशी, मान वाकडी करून पाह्यली.

"ह्या डाव्याला गुण आला," ती म्हणाली. "उजव्याला कायबी फरक न्हाई. घासलं काय, न घासलं काय, सारखंच. दगडावर पाणी."

झुंबरबाई जवळ गेली. निकलवर बारीक ओरखडे होते, तिच्या नजरेला सुईसारखे टोचणारे. पण कोऱ्या मालाचा तो वरवरचा चटकपणा उतरला होता आन् आतून मऊ उजेड आलता. असा उजेड चाकानं येत न्हाई, हे तिला कबूल करावं लागलं.

नंदाबाईचं अजून सरलं नव्हतं. ड्रायव्हरच्या बाजूचं दार तिनं उघडं पाह्यलं. हे दार सुमितच्या मिस्तरीनं गेल्या आठवड्यात ठोकून मोकळं केलतं. त्याच्या आधी ते गंजून असं बसलं होतं की घरातल्या कुणाला उघडं आठवत नव्हतं. दाराला आतल्या अंगानं एक मूठ होती. तिचा पेच फिरंना म्हणून सुमितनं ती तशीच सोडल्ती. मूठ तव्यासारखी काळी.

"माय, ही कुठं लपल्ती इतके दिस?" नंदाबाई म्हणाली आन् शेंडी लावली.

पहिल्यांदा काळं पाणी गळालं. मंग करडं. दुसऱ्यांदा राख लावली, तिसऱ्यांदा चिंच. झुंबरबाई दाराशी येऊन उभी राह्यली. तिला काय होणार ते पाणी बदलताना समजलं होतं, पण ती बोलली न्हाई. आठ दिवसांमागं 'एक शब्द बोलणार न्हाई' म्हणाली होती आन् ती शब्दाला पक्की. नंदाबाईनं मूठ पुसली.

मूठ निळी नव्हती. पांढरी म्हणावं तर तशीबी न्हाई. सकाळचं ऊन पत्र्याच्या भोकातून तिच्यावर पडलं होतं आन् तिच्यातून जे परत येत होतं ते उनासारखंच होतं, जरा थंड.

झुंबरबाईनं सुमितच्या हातातून पाना घेतला, डाव्या बत्तीचं कडं सोडवलं आन् मुठीशेजारी धरलं. शंभराच्या घरातली मूठ आन् आठ दिवसांचं कडं. मधात सांधा दिसंना. मंग तिनं पाना सुमितला परत दिला आन् हातानं नुस्तं उजव्या बत्तीकडं दाखवलं. सुमितनं दुसरं कडं सोडवून आणलं, मुठीच्या दुसऱ्या अंगाला धरलं. पाव्हण्यांच्या पंगतीत कुणीतरी चुकून शिरल्यावानी ते दिसलं. चांगलं होतं, झकपक होतं, पण त्या घरचं नव्हतं.

सुमित मुठीपुढं उकिडवा बसला. मोबाईलमधी फोटो काढला. फोटोत तर अजूनच उघड; क्रोम निळंशार, बाकीची दोन्ही एका आईची. "काकू, ही मूठ कुणीच घासली नव्हती आधी?"

"दार आडकलं तवा तुझा बाप चड्डीत होता," नंदाबाई म्हणाली. "बंद दाराच्या आत कोण हात घालतंय? आन् त्याच्या आदीबी घासणं बाहेरूनच, दिसतं तेवढंच."

सुमितनं मान वर करून झुंबरबाईकडं पाह्यलं. "मावशी, त्या दिवशी मी बोललो ते..."

"मोटारीला बोलला व्हता, मला न्हाई," ती म्हणाली. "सरक, गुरुजींना बघू दे."

गुरुजी आत चढून बसले. मूठ खाली दाबली, वर सोडली. खाली, वर. खट, खट. सत्तर वर्षांच्या माणसाचं तोंड सात वर्षांचं झालं. "जशी होती तशी," ते म्हणाले. मंग उतरून टोपी नीट केली आन् मास्तरच्या आवाजात सांगितलं, "समदं सामान बाईकडं राहील. निकल."

"अन् माझी मिशी?" सर्जेराव म्हणाले.

"मिशीसाटी घरी आरसा घे, सर्जेराव. माझी मोटार न्हाव्याचं दुकान न्हाई."

ह्या वेळी अंगण जास्त हसलं, कारण सर्जेरावाचीच जिरली होती. ते स्वतःबी हसले आन् मुठीपाशी जाऊन, कुणाचं लक्ष न्हाई असं समजून, एकदा खट करून आले.

साक्षी मात्र हटली न्हाई. "ठीक हाय. पण महिन्या-पंधरा दिवसाला घासणार कोण? आत्ताच सांगा."

"मी घासतो," सुमित म्हणाला.

"ह्यानं आजवर स्वतःचं ताट घासलं न्हाई," साक्षीनं नंदाबाईला सांगितलं. नंदाबाईनं घंगाळ उचलून सुमितच्या पुढ्यात ठिवलं. "घे. आजपासून. त्या मुठीच्या सांदीत आजून काळं हाय." पुण्याचा कॉम्प्युटरवाला बाह्या सारून बसला आन् चार बाया त्याला शिकवायला उभ्या राह्यल्या, एक म्हणे कोळ जास्त घे, दुसरी म्हणे शेंडी अशी धर, तिसरी नुस्ती हसून राह्यलेली.

झुंबरबाईला चहा आला, शेव-चिवडा आला. नंदाबाई शेजारी येऊन बसली. झुंबरबाईनं तिला सबुरीनं समजावलं, "ताई, एक ऐका. राख नका लावू. राखंत खडे असतेत, मुलामा खातेत. मी चुन्याची वस्त्रगाळ भुकटी देते. मऊ फडक्यानं, हलक्या हातानं."

"चुना पानाला लावतेत."

"निकललाबी लावतेत."

"माझ्या सासूनं राख लावली, तिच्या सासूनं राख लावली."

"म्हणून तर पितळ निघालं ना, ताई."

"निघालं तर निघालं. तीसेक साल तर चाललं." नंदाबाईनं चिवड्याची बशी पुढं सारली. "तुमी भुकटी द्या. मी ठिवते. पण घट बसताना राखच लागती, ते तुमाला पहिलंच सांगून ठिवते."

दोघींनी एकमेकींकडं पाह्यलं. दोघींची मनगटं सारखीच होती. पुढं बोलण्यात अर्थ नव्हता.

परतीला क्रोमचं कडंबी झुंबरबाईच्याच पिशवीत आलं. ओढणी तेजाबात उतरवून खालून निकल वर घ्यायचं होतं. मोटार दसऱ्याला पुजायची, म्हंजी हातात नऊ दिवस. बोळीतल्या भुसारवाल्यांना त्या नऊ दिवसांत बफाच्या चाकाचा आवाज सकाळी सातपासून आला. बँडवाला कर्ण्यासाठी येऊन दोनदा परत गेला. तिसऱ्यांदा आला तवा झुंबरबाईनं त्याला चौकट दाखवली, तर तो कर्णा इसरून तिथंच बसला आन् दोन चहा पिऊन गेला. दांडे झाले, मुठी झाल्या, टोपण झालं. चौकट शेवटाला ठिवली. ती हौदात मावंना म्हणून मच्छिंद्रानं हौदाला वरून पत्र्याची कड जोडली, निकलच्या पट्ट्या चारी बाजूंनी टांगल्या आन् अष्टमीच्या सकाळी दोघांनी मिळून ती तांब्याच्या तारांवर खाली सोडली. हिरव्या पाण्यात ती बुडाली आन् कडांवरून बारीक बुडबुडे उठले.

मच्छिंद्र घड्याळ घेऊन बसला. त्याचं गणित पक्कं. जेवणाच्या वेळेला तो उठला, हातात रबरी मोजे घातले.

"झालं. काढतो."

झुंबरबाई हौदावर वाकली. पाण्याखाली चौकट दिसत होती, अंधुक, पण रंग बराबर. तिला ओठांतल्या ओठांत हसू आलं.

"ऱ्हाऊ द्या अजून दीड तास."

"काऊन? बराबर थर बसलाय. जुन्या मुलाम्याएवढा हाय. मी मोजलाय."

"जुन्याएवढा नको. त्याच्या दीडपट बसू द्या."

"अगं, पण कशासाटी? निकल काय झाडाला लागतंय?"

"कशासाटी म्हंजी," झुंबरबाई म्हणाली आन् मोजे त्याच्या हातातून काढून घेतले. "त्या नंदाबाईचा हात पाह्यला न्हाई तुमी? ती चुन्याला हात लावायची न्हाई."